आण्णाची करडगी

माझा थोरला भाऊ विमान चालवायचा असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या इरकली लुगड्याकडे बघतो, मग पायातल्या चपलांकडे, आणि मग "असं का, असं का" म्हणत गालातल्या गालात हसतो. हसू दे बापड्याला. सोलापूरच्या माणसानं चादरी विणाव्यात, शेंगा विकाव्यात, फारच हुशार निघाला तर वकिली करावी. विमान हे मुंबईच्या गोऱ्यागोमट्या पोरांचं काम, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी जन्मभर मास्तरीण होते. हसणाऱ्याला गप्प बसवायला मला वेळ लागत नाही. पण आण्णाबद्दल सांगताना मला भांडायचं नसतं, म्हणून त्याचं हसणं संपेपर्यंत मी थांबते.

सिद्धलिंगप्पा चनबसप्पा हत्तुरे हे त्याचं कागदोपत्री नाव. घरात तो आण्णा. वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि कुंभारीला थोडी कोरडवाहू जमीन. होटगी रस्त्यावर विमानाचं मैदान आहे. तेव्हा तिथं कधीमधी एखादं विमान उतरलं तर उतरलं, नाहीतर गुरं चरायची. आण्णा शाळा बुडवून तिथं जाऊन बसायचा. वडिलांनी मारलं. आमच्या आईनं, म्हणजे ईरम्मानं, मिरचीची धुरी द्यायची धमकी दिली. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. पण पोरगं काही सुधारलं नाही. पुढे ते पुण्याच्या फ्लाइंग क्लबात शिकलं, लायसन घेऊन आलं आणि पिकांवर औषध मारणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत चिकटलं.

त्याच्या विमानात एकट्यानंच बसायचं. पुढ्यात औषधाची भली मोठी टाकी, तिच्यामागं एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. कापसावरून, उसावरून इतक्या खालून जायचं की बैलांची शिंगं मोजता यावीत. "आकाशातला फवारणीवाला" म्हणून मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "आक्का, मोठ्या विमानातल्याला देश दिसतो गं. मला कणसं दिसतात." मी त्याच्याहून लहान, पण अक्कम्मा या नावामुळे त्यानं मला जन्मभर आक्का केलं होतं.

तो घरी आला की अंगाला औषधाचा उग्र वास यायचा. अव्वा त्याला परसातच उभा करायची, दोन बादल्या पाणी ओतायची, आणि अंग कोरडं झाल्याशिवाय पूजेला बसू द्यायची नाही.

आमच्याकडची एक गोष्ट इथं सांगायला हवी. आम्ही लिंगायत. आमचा देव अंगावर असतो. छातीवर चांदीची अंडाकृती डबी, तिला करडगी म्हणतात. तिच्या आत लिंग. ते काळं, गुळगुळीत, आवळ्याएवढं. आतला दगड कुणालाच दिसत नाही, कारण त्यावर काळा लेप चढवलेला असतो. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. ते अंगावेगळं करायचं नाही. बाईला आठवा महिना लागला की पोटातल्या बाळाच्या नावाचं लिंग स्वामी तिच्या अंगावर बांधतात. बाळ जन्मलं की ते बाळाचं. आणि माणूस गेला की तेच लिंग डाव्या हातात ठेवून त्याला मातीत बसवतात. सगळीच घरं एवढी कडक नसतात. आमचं होतं. अव्वा आण्णाला म्हणायची, "तुजं लिंग आदी माज्या अंगावर आलं, मग तू आलास."

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. वडील तोवर गेले होते. कंपनीनं इराणमध्ये एक वापरलेलं फवारणीचं विमान विकत घेतलं आणि ते उडवत आणायला आण्णाला सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईनंतर पाकिस्ताननं भारताच्या विमानांना त्यांचं आकाश बंद केलं होतं. म्हणजे इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघायचं आणि समुद्रावरून थेट गुजरातचा किनारा गाठायचा. एवढं पेट्रोल त्या विमानाच्या पोटात मावत नाही. म्हणून औषधाची टाकी धुऊन तिच्यात पेट्रोल भरायचं. हे ऐकून आमची चंद्रव्वा वैनी, म्हणजे आण्णाची बायको, जात्यावरचं पीठ भरता भरता तशीच थांबली.

"मदी गाव कुटलं लागतं?" अव्वानं विचारलं.

"मदी गाव न्हाय अव्वा. पानीच हाय."

"मग पानी लागलं की लिंगावर हात ठिव," अव्वा म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

शिवरात्र झाली आणि आण्णा निघाला.

तिथं काय झालं ते त्यानं मला पुढे कैक वर्षांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं. किनाऱ्यावरचं एक लहानसं गाव, वाळूत आखलेली धावपट्टी, पत्र्याची एक शेड आणि कस्टमचा एक तरुण अधिकारी. विमानाचे कागद बघून झाले. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, "अंगावर सोनं, चांदी, काही किमती वस्तू?" आण्णा म्हणाला, "काही नाही."

तो खोटं बोलला नव्हता. लिंग ही त्याच्या लेखी वस्तूच नव्हती. उद्या मला कुणी विचारलं, बाई, अंगावर काय काय आहे, तर मी बांगड्या सांगेन, गळ्यातलं सांगेन. काळीज सांगेन का? असली चूक आमच्याच माणसाच्या हातून व्हायची. शिपायानं झडती घेताना छातीवर हात फिरवला आणि शर्टाखाली चांदीची डबी लागली. काही नाही म्हणणाऱ्याच्या गळ्यात चांदी निघाली, तिथंच पहिला घोटाळा झाला.

"उघड."

आण्णानं मागं सरून, स्वतःच्या हातानं करडगी उघडली आणि लांबून दाखवली. आत काळा, तुकतुकीत गोळा. अधिकाऱ्याचा चेहरा एकदम बदलला. तो त्यांच्या भाषेत एकच शब्द बोलला आणि शिपायानं खांद्यावरची बंदूक खाली घेतली. तो शब्द अफूचा होता, हे आण्णाला मागाहून कळलं. त्या काळी तिकडे अफूची चोरटी ने-आण करणाऱ्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घालत.

"इकडे दे."

"नाही देणार. माझा देव आहे."

दोघातिघांनी हात पिरगाळला. आण्णानं मान खाली घालून करडगी दातात धरली. तशी ती निघेना. निघाली असती तर दातांसकट निघाली असती. तो तरुण अधिकारीही घाबरला असावा. परदेशी माणूस, परदेशी विमान, मेलाबिला तर कुणी उत्तर द्यायचं? शेवटी असं ठरलं की मोठ्या गावाहून वरचा साहेब येईपर्यंत थांबायचं. विमानाला सील लागलं. करडगी गळ्यातच राहू दिली, पण तिच्या झाकणाला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं. आणि आण्णाला पेट्रोलच्या रिकाम्या पिंपांच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं.

सील तोडलं तर गोळी. सील तोडलं नाही तर पूजा नाही, आणि पूजा नाही तर अन्न नाही. आण्णा बंद करडगी कपाळाला लावायचा आणि घोटभर पाणी घ्यायचा, बस. शिपाई रोटी आणि खजूर आणून ठेवायचा, संध्याकाळी तसंच उचलून न्यायचा. आण्णा म्हणायचा, "भूक दोन दिसांत मरती गं आक्का. पर भीती न्हाय मरत. भीतीला पूजाबी लागत न्हाय, अन्नबी न्हाय."

इकडे आम्हाला कंपनीची तार आली: विमान निघाले नाही, चौकशी चालू आहे. एवढंच. जिवंत की मेला, ते नाही. मी शाळेत रजा टाकली आणि साहेबांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. एका कचेरीत सांगितलं, हे परराष्ट्राचं प्रकरण, दिल्लीला लिहा. दुसऱ्या कचेरीत सांगितलं, दिल्लीला लिहायचं तर आमच्यामार्फत लिहा. तिसऱ्या ठिकाणी रामहरी नावाचा कारकून होता. तो कानात काडी घालत म्हणाला, "पायलट? आन् सोलापूरचा? बाई, भाऊ खरंच तिकडं गेलाय की घरात भांडून मुंबईत बसलाय?"

मी त्याच्या टेबलावरची दौत उचलली होती. मारली नाही. पण उचलली होती, हे त्यानं बघितलं आणि त्याच दिवशी माझा अर्ज पुढे गेला. कुठं गेला, देव जाणे.

घरी येऊन मी अव्वाला रोज खोटं सांगायची की कागद हलतोय. अव्वा ऐकून घ्यायची. तिनं रात्रीचं जेवण सोडलं होतं. वैनी तर घरात टिकायचीच नाही. पायरीवर बसून रस्त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तारवाला सायकलवरून नुसता पुढे निघून गेला तरी ती उठून उभी राहायची.

आणि तिकडे एकदाचा तो वरचा साहेब आला. वयस्कर, जाड मिशांचा. पिंपांच्या खोलीत शिरला तेव्हा आण्णा भिंतीला टेकून बसला होता, उठण्याइतकं त्राण नव्हतं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सील मी तोडतो. तू जे रोज करतोस ते माझ्यासमोर कर."

बादलीभर पाणी आलं. आण्णानं अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, वाळूवर मांडी घातली आणि कितीतरी दिवसांनी लिंग तळहातावर घेतलं. उपाशी अंगात बळ नव्हतं, उजव्या हातानं डावा धरावा लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं नमः शिवाय. साहेब बघत उभा राहिला. पूजा संपल्यावर तो पुढे आला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले, कमरेत वाकला, तळहातापासून वीतभर अंतरावर नाक आणलं आणि लांब श्वास घेतला. अफू असती तर वास लपला नसता. विभूतीचा वास आला असेल, दुसरं काय येणार? बोटसुद्धा न लावता तो माणूस सरळ झाला आणि म्हणाला, "आता खा."

मी त्या साहेबाला कधी पाहिलं नाही. पण ते पाठीमागं बांधलेले दोन हात मला आजही समोर दिसतात.

तोवर आपल्या देशात उतरायच्या परवानगीची मुदत संपून गेली होती. नवी यायला आणखी दिवस गेले. ती आली आणि आण्णा पहाटे उडाला. टाकी कितीही धुतली तरी औषधाचा गाळ तळाशी राहतोच. तो पेट्रोलमध्ये मिसळून यायला लागला आणि अर्ध्या समुद्रावर इंजिन खोकायला लागलं. खाली पाणी, वर आभाळ, मधे गाव नाही. एक हात विमानाच्या दांड्यावर, एक छातीवर. इंजिन खोकायचं, गप्प व्हायचं, पुन्हा धरायचं. आण्णा म्हणायचा की त्यानं त्या दिवशी देवाकडे काही मागितलं नाही. नुसतं सांगत राहिला, हितंच हाय, मी हितंच हाय. शेवटी मिठागरांचे पांढरे चौकोन दिसले. एकट्यानं विमानात बसून तो मोठ्यांदा ओरडला, "आलो!"

गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर तो उतरला. उतरून जमिनीला हात लावला. कस्टमच्या खोलीतला अधिकारी मराठी निघाला, तेव्हा तर आण्णाला आभाळ ठेंगणं झालं. इतक्या दिवसांनी आपली भाषा. तिकडे "काही नाही" म्हणून फसलो, इथं सगळं आपणहून सांगावं, असं त्या भाबड्याला वाटलं. विचारायच्या आधीच त्यानं शर्टाची बटणं सोडली.

"साहेब, ही करडगी. लिंगायत हाय मी, सोलापूरचा. चांदी निस्ती डबीची. ह्याच्यापायी तिकडं कोंडून घातलं हुतं मला. अफू म्हणत हुते."

लिहिता लिहिता अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

"कोंडून घातलं होतं? मग सोडलं कसं?"

"वास घेऊन, साहेब."

"वास घेऊन." अधिकारी हसला. "सोन्याला वास असतो का हो?"

आण्णाला बोलणं कळेना. तेव्हा आखातातून सोनं यायचं ते बुटाच्या टाचेतून, साबणाच्या वडीतून, कशाकशातून. ते पकडणं त्या माणसाचं काम होतं. मला हे समजतं. समजतं म्हणून मी त्याला माफ केलंय असं मात्र कुणी समजू नये.

"आत काय आहे?"

"दगड."

"तुम्ही पाहिलाय?"

"न्हाय. लेप असतो की वर."

"वडिलांनी पाहिलाय?"

"कुणीच बघत न्हाय, साहेब."

"कुणीच बघितलं नाही, आणि दगड आहे म्हणता." त्यानं हात पुढे केला. "देव आमच्याही घरात आहेत. देव्हाऱ्यात. गळ्यात घालून इराणहून येत नाहीत."

आण्णा विनवायला लागला. वजन करा, म्हणाला. माझे कपडे फाडून बघा, विमान सुटं करा, बूट घ्या, मला उपाशी ठेवा. शिपायानं मागून दंड धरले. तिकडे तिघांना जमलं नव्हतं ते इथं एकट्याला जमलं, कारण आण्णा हबकून नुसता उभा राहिला. आपल्या भाषेत बोलणारा माणूस असं करील हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. करडगी दातात धरायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

अधिकाऱ्यानं लिंग टेबलावर ठेवलं. आधी चाकूनं खरवडलं. मग कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं पितळी वजन उचललं आणि घातलं.

लेपाच्या खपल्या उडाल्या. आत राखी रंगाचा दगड होता. त्याचे दोन तुकडे झाले होते.

अधिकाऱ्यानं तुकडे बोटानं उलटेपालटे केले. "दगडच आहे," तो म्हणाला.

"मी म्हणलंच हुतं की, साहेब," आण्णा म्हणाला.

मग शिक्के पटापट बसले.

आण्णानं तुकडे आणि खपल्या रुमालात बांधल्या. त्यानंतर तो पाण्यालाही शिवला नाही. दुसऱ्या दिवशी सोलापूरला यायला उडाला. डोंगर ओलांडताना, तो मला म्हणाला, हातातला दांडा नुसता सोडून द्यावा असं वाटत होतं. काही करायचं नाही, फक्त सोडायचा. "मग का नाही सोडलास?" मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "खाली ज्वारीची काढनी चालली हुती. मानसं हुती गं खळ्यावर. टाकीत पेट्रोल हुतं."

तो येतोय अशी कंपनीची तार आली होती, म्हणून होटगी रस्त्याच्या मैदानावर आम्ही हार घेऊन उभ्या होतो. वैनीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. विमान उतरलं आणि त्यातून जो माणूस खाली आला तो मला आधी ओळखूच आला नाही. डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले. वैनीनं तांब्या पुढे केला. त्यानं मान हलवली. तिनं त्याच्या छातीकडे बघितलं, शर्टाखालची जागा सपाट होती, आणि तिच्या हातातून तांब्या खाली पडला.

घरी तो भिंतीला टेकून बसला. सगळं सांगितलं. रुमाल सोडून दाखवला. अव्वानं ते दोन तुकडे एकमेकांना लावून बघितले. मठपती स्वामींना बोलावलं. आमच्या घरची सगळी कार्यं तेच करायचे. ते म्हणाले, "नवं लिंग बांधू. हे तुकडे तळ्यात सोडून ये. शास्त्रात वाट हाय."

"नवं कुनाचं?" आण्णा म्हणाला. "माजं हे हुतं. आता मी कुनीच न्हाय."

वैनी पाया पडली. मी रागावले, ओरडले, एवढा समुद्र ओलांडून आलास आणि दगडापायी मरतोस म्हणाले. ते मी वैतागून बोलत होते. खरं तर मला समोर दिसत होतं की हा उठणार नाही. ओठांना लावलेलं पाणी तो जिभेनं बाहेर ढकलत होता. डॉक्टर येऊन सलाइनची भाषा बोलून गेले. आण्णानं हात आखडून घेतला. नाडी मंद झाली होती.

सकाळी अव्वा अंघोळ करून आली आणि मठपतींच्या समोर बसली.

"नवं लिंग आनलंय न्हवं? माज्या अंगावर बांदा."

"तुमचं हाय की, ईरम्मा."

"माजं माज्यापाशी हाय. हे पोराचं. आदी माज्या अंगावर बांदा."

मठपती गोंधळले. "ते पोटुशी बाईला बांदतात. आठव्या महिन्यात. तुमी आता..."

"हा माज्याच पोटातनं आलाय न्हवं?" अव्वाचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "तुमच्या वडलांनीच बांदलं हुतं तवा. त्याला तवा तोंड तरी हुतं का? मी खाल्लं, ते त्याच्या अंगाला लागलं. आताबी लागंल. बांदा."

मठपतींनी बांधलं. शास्त्र कुठं गेलं ते त्यांनाच ठाऊक. त्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर दोन लिंगं. मग ती ताट घेऊन आण्णाच्या समोर बसली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. तिनं पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि एक हात त्याच्या कपाळावर ठेवला. खात राहिली. स्वतःच्या वाट्याचं आणि त्याच्याही वाट्याचं. रडत होती आणि खात होती. घास गिळताना ठसका लागत होता, पाणी पिऊन पुन्हा खात होती. आण्णा डोळे उघडून बघत होता.

दिवेलागणीपर्यंत ती तिथंच बसून राहिली. मग तिनं नवी करडगी अंगावरून सोडली, आण्णाच्या गळ्यात बांधली आणि म्हणाली, "झालं. आलास. बारो तम्मा, ऊटा माड." ये बाळा, जेव, असं आमच्या कानडीत.

आण्णानं डावा हात पुढे केला. पूजा कशीबशी झाली. त्यानंतर अव्वानं दह्यात कालवलेला भात भरवला, तो त्यानं गिळला. वैनी माजघरात जाऊन मोठ्यांदा रडली.

अंगात ताकद आल्यावर तो रुमाल घेऊन तळ्याकडे गेला आणि हात हलवत परत आला. तुकडे सोडून आला, असं आम्ही धरून चाललो. पुढच्या हंगामात तो पुन्हा कापसावर औषध मारायला लागला. परदेशातून विमान आणायला मात्र कंपनीनं कितीही सांगितलं तरी गेला नाही. जकात नाक्यावर खाकी कपडे दिसले तरी त्याचा हात छातीवर जायचा. मी त्याला कशावरूनही चिडवायची, पण यावरून कधी चिडवलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली अव्वा गेली. कुंभारीच्या शेतात, वडिलांच्या शेजारी खड्डा घेतला. आमच्यात माणसाला बसवतात. बायकांनी लांब उभं राहायचं असतं. मी राहिले नाही. आण्णा खड्ड्यात उतरला. त्यानं अव्वाचं लिंग तिच्या डाव्या हातात ठेवलं, बोटं मिटवली. मठपतींनी वरून माती द्यायला हात उचलला, तेव्हा आण्णा थांबा म्हणाला.

त्यानं खिशातून तो रुमाल काढला. तळ्यात सोडलाच नव्हता. अव्वाचा उजवा हात उघडून त्यानं ते दोन तुकडे तिच्या मुठीत ठेवले.

"हे तुजंच हुतं, अव्वा," तो म्हणाला. "आदी तुज्याच अंगावर हुतं. मला संबाळता आलं न्हाय."

मठपतींनी उचललेला हात खाली घेतला. मी आणि वैनीनं हात देऊन त्याला वर घेतलं.